पंचवीसचा स्टिकर, पंचेचाळीसची गाडी

मागचे दोन शनिवार काही लिहिलं नाही. तिघाचौघांनी मेल टाकून विचारलं, "रिलीज चालू आहे का रे?" रिलीज नव्हता. मी लातूरला होतो, मामाकडे. कारण आनंदाचं नव्हतं, आणि त्यातलं निम्मं कारण मीच आहे. म्हणून आजची पोस्ट चिडून लिहितोय. चीड नेमकी कोणावर ते वाचून तुम्हीच ठरवा. माझ्यावर निघाली तरी तक्रार नाही.

आमचं घर नांदेडला, आजोळ लातूर. मामेबहीण सतरा वर्षांची, बारावीला, नीटची तयारी. लातूर पॅटर्न काय असतो ते मराठवाड्याबाहेरच्यांना सांगून कळत नाही. पहाटे साडेपाचला पहिला क्लास, मग कॉलेज, मग दुसरा क्लास, मग अभ्यासिका, आणि रात्री नवाला घर. मामांचं दुकान आहे, ते दिवसातून चार वेळा पोरीला ने-आण करू शकत नाहीत. रिक्षा पहाटे मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही. मग गेल्या वर्षी त्यांनी एक इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. दुकानाबाहेर भला मोठा बोर्ड होता: लायसन्स नको, पासिंग नको, हेल्मेट नको.

दिवाळीत मी घरी गेलो तेव्हा पोरगी मागे लागली. "दादा, तू एवढा इंजिनिअर. तेवढी वायर काढून दे की. सायकलवाले पुढं जायलेत माझ्या."

वायर कुठली ते तिला माहीत होतं. गाडी विकतानाच दुकानदाराने सीट उचलून दाखवली होती. मामांना म्हणाला होता, "कागदावर पंचवीसच लिहावं लागतंय हो. पण पंचवीसनं कोण चालवायलंय? ही पांढरी वायर बघा. एवढी काढली की गाडी मोकळी."

मी अंगणात बसून ती काढली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ना स्क्रू-ड्रायव्हर लागला, ना लॅपटॉप. कंट्रोलरमधून बाहेर आलेला छोटा प्लास्टिकचा कनेक्टर, तो ओढायचा. मग मीच गल्लीतून एक चक्कर मारली. मीटरवर ४५. पोरगी खूश, मामी खूश, आणि मी तर काय, च्यायला, घरातला इंजिनिअर! सगळ्यांनी मला लाडू दिला.

तीन आठवड्यांपूर्वी पहाटे, अंधारात, एक आजोबा दूध आणायला निघाले होते. पोरीने ब्रेक मारला. गाडी थांबली, पण आजोबांच्या पुढे जाऊन थांबली. खुब्याचं हाड मोडलं. पोरीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. तेव्हापासून ती रात्री झोपत नाही, तो भाग वेगळा.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आता जरा कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. त्यातल्या नियम २ च्या (यू) या पोटकलमात बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या आहे. त्यात एक सवलत आहे: मोटरची 'तीस मिनिटांची पॉवर' ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, आणि मान्यताप्राप्त संस्थेने ते तपासून दिलं असेल, तर ते 'मोटार वाहन' धरायचंच नाही. बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत हवं, अशीही अट आहे. या तपासणी संस्थांपैकी एक तुमच्या-आमच्या ओळखीची आहे. रविवारी सकाळी आपण जिच्या नावाच्या टेकडीवर चढून वर जाऊन पोहे खातो ती, एआरएआय.

मोटार वाहन नाही म्हटल्यावर सगळंच गेलं. एमएच-२४ ची पाटी नको, लायसन्स नको, हेल्मेटची सक्ती नाही, विमा नको. कायद्याच्या लेखी ती जवळपास सायकल. ही सवलत मूर्खपणाची आहे असं मी म्हणत नाही. पंचवीसच्या आत चालणाऱ्या हलक्या गाडीला आरटीओचे खेटे कशाला, हा विचार ठीकच आहे. पण त्याचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: गाडी खरोखर पंचवीसच्या आत चालली पाहिजे. आणि ती गोष्ट त्या पांढऱ्या वायरच्या भरवशावर सोडलेली आहे.

मी लातूरहून परत येताना बसमध्ये वहीवर गणित मांडलं. फार अवघड नाही, अकरावीचं फिजिक्स आहे, मामेबहीणही करेल. पोरगी, दप्तर आणि गाडी मिळून सव्वाशे किलो धरा. सपाट रस्ता, वारा नाही. टायरचं घर्षण वेगाने फारसं बदलत नाही, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो रेटायला लागणारी पॉवर घनाने. नेहमीचे आकडे घातले तर २५ च्या वेगाला चाकाशी साधारण २५० वॅट लागतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने आकडे हवेतून काढलेले नाहीत. २५० वॅट आणि २५ किलोमीटर यांची जोडी नीट जुळते. आता ४५ घाला. ९०० वॅटच्या पुढे जातं.

मोटर थोडा वेळ आपल्या रेटिंगपेक्षा जास्त जोर लावू शकते, मान्य. चढावर सगळ्याच लावतात. पण २५० वॅटची मोटर रोज वीस-वीस मिनिटं ९०० वॅट देत राहिली तर तिचं वाइंडिंग जळायला हवं. वर्षभर जळलं नाही. याचा अर्थ मोटर मुळातच मोठी आहे. तिला एका वायरने बांधून, वर २५० चा स्टिकर लावून विकलेलं आहे. स्टिकर मोटरबद्दल काही सांगतच नाही, तो फक्त पासिंग चुकवण्याबद्दल सांगतो.

आणि वेग ४५ झाला की टक्कर किती पट होते? ४५ भागिले २५, त्याचा वर्ग. सव्वातीन पट. ब्रेक तेच, लायनर तेच, डबड्यासारखी फ्रेम तीच, आणि थांबवायची ऊर्जा सव्वातीन पट. तो आजोबांच्या पुढे जाऊन थांबलेला ब्रेक मी या आकड्याच्या रूपात रोज बघतो.

इंजिन बांधून ठेवणं ही काही नवी गोष्ट नाही. बाइकवेड्यांना राजदूत ३५० आठवत असेल. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये यामाहाची आरडी ३५० भारतात आणली, पण मायलेजसाठी तिची ताकद कमी करून. त्यातही 'हाय टॉर्क' आणि 'लो टॉर्क' असे दोन प्रकार. ते बांधणं इंजिनाच्या आत होतं. सोडवायचं तर सिलिंडर उतरवा, पोर्ट घासा, सायलेन्सर बदला, मेकॅनिकला पैसे मोजा. ज्याला हौस आणि अक्कल दोन्ही होती तोच ते करायचा. इथे सतरा वर्षांच्या पोरीला वायरचा रंग माहीत आहे.

आता दुसरी बाजू. मला माहीत आहे, वाचणाऱ्यांतले निम्मे म्हणत असतील, "सतरा वर्षांच्या पोरीला गाडी दिलीच कशाला? अठरा होऊ द्यायचं." पुण्यात बसून हे म्हणणं सोपं आहे. मीही म्हणत होतो. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने आपल्यासारख्याच दोन तरुण इंजिनिअर्सना उडवलं, तेव्हा मी याच ब्लॉगवर आईबापांच्या नावाने खडे फोडले होते. प्रत्येक शब्द आजही मान्य आहे. पण कायदा काय म्हणतो ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. आता वाचलं.

मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ४. अठराच्या आत सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायचं नाही. पण पुढेच सवलत आहे: १६ पूर्ण झालेल्याला ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची मोटरसायकल चालवता येते. म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कॉलेजला जायला गाडी लागते, हे आपल्या संसदेला कळलेलं आहे. आधी तिथे 'बिनगिअरची' असा शब्द होता, १९९४ च्या दुरुस्तीत तो काढून ५० सीसी केला. का, तर बिनगिअरच्या गाड्याही मोठ्या व्हायला लागल्या होत्या. विचार बरोबर होता: पोर लहान, तर ताकद लहान.

आता मला सांगा, आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची गाडी मागून बघा. सेल्समन तुमच्याकडे बघत राहील. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ मध्ये नगरहून लूना आणली, ती ५० सीसी. पुढे सनी आली, तीही ५० सीसी. आमच्या आईने लग्नाआधी लातूरला लूनाच चालवली. त्या गाड्या गेल्या. बाजार शंभर, एकशेदहा, सव्वाशेवर गेला. लूना २०२४ मध्ये इलेक्ट्रिक होऊन परत आली, आनंद झाला, पण ती ताशी ५० ची आहे. तिला नंबर प्लेट लागते, आणि चालवणारा अठराचा लागतो. म्हणजे कायद्याने सोळा वर्षांच्या पोरांसाठी एक दार ठेवलं आणि त्या दारातून जाईल अशी गाडीच बाजारात उरली नाही. २०१८ मध्ये केंद्राने या वयाच्या पोरांना इलेक्ट्रिक स्कूटर चालवू द्यायचा विचार बोलून दाखवला होता. कलम ४ मध्ये मात्र आजही सीसीच मोजायचे आहेत, आणि बॅटरीच्या गाडीला सीसी नसतात.

मग पोरं काय करतात? नांदेडला श्रीनगर, भाग्यनगरच्या क्लासेसपुढे संध्याकाळी उभे राहा, किंवा लातूरला कुठल्याही मोठ्या क्लासच्या पार्किंगमध्ये जा. अर्ध्या गाड्या ११० सीसीच्या, बापाच्या नावावरच्या, चालवणारं पोर सोळा-सतराचं. उरलेल्यांत बऱ्याच या 'पंचवीस'वाल्या. आधीचा प्रकार उघड बेकायदा, दुसरा झाकलेला. आणि दुसरा जास्त धोक्याचा आहे. का ते सांगतो.

पहिल्या प्रकारात निदान गाडीला विमा असतो. पोराकडे लायसन्स नसलं तर विमा कंपनी पुढे मालकाकडून वसुलीसाठी भांडेल, पण कोर्टासमोर एक कंपनी उभी असते. दुसऱ्या प्रकारात कोणीच नाही. वायर काढल्याच्या क्षणी ती गाडी कायद्याने मोटार वाहन झाली: पासिंग नसलेलं, विमा नसलेलं, नंबर नसलेलं. पळून गेली तर शोधायची कशी? आजोबांच्या ऑपरेशनला, रॉडला, फिजिओला जे पैसे लागले ते मामांनी आणि मी भरले. आमच्याकडे होते म्हणून. त्यांच्या मुलाने पोलिसात तक्रार केली नाही, ओळखीतून ओळख निघाली, माणसं भली. पण समजा पोरगी आमच्या घरची नसती आणि तिचा बाप हमाल असता तर? आजोबा खाटेवर, आणि भरपाई मागायची कोणाकडे? त्या पांढऱ्या वायरकडे?

कलम १९९ए तर वाचाच एकदा. २०१९ च्या दुरुस्तीत आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, आणि त्या पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. एवढा कडक कायदा, पण ज्या गाडीचं रजिस्ट्रेशनच नाही तिचं रद्द काय करणार? आणि ज्याने बोर्ड लावून ती विकली, सीट उचलून वायर दाखवली, तो १९९ए मध्ये कुठेच नाही. त्यात मामा आहेत.

सरकारला हे माहीत नाही असंही नाही. २०२२ च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा वेग वाढवलेल्या ई-बाइक्सवर खास मोहीम काढायला सांगितलं होतं. मोहिमा होतात, चार दिवस गाड्या उचलतात, फोटो येतात. पाचव्या दिवशी बोर्ड परत लागतो.

मी काही वर्षांपूर्वी सहा महिने ऑनसाइट होतो, हॉलंडमध्ये. तिथे छोट्या स्कूटर्सच्या दोन जाती बघितल्या. निळी नंबर प्लेट म्हणजे २५ ची, पिवळी म्हणजे ४५ ची. दोन्ही सोळाव्या वर्षी चालवता येतात, पण दोन्हींना लायसन्स, दोन्हींना विमा, दोन्हींना पाटी. पंचवीसच्या गाडीलासुद्धा. निळीवाल्यांना हेल्मेट नव्हतं, तेही १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं केलं. आणि पोरं तिथेही गाड्या मोकळ्या करतातच, पोरं कुठलीही पोरंच. पण पोलीस रस्त्याकडेला रोलर मांडून बसतात. चाक रोलरवर चढवायचं, ॲक्सिलरेटर पिळायचा, आकडा दिसतो. वाद नाही, पंचनामा नाही, वायरचा रंग बघायची गरज नाही.

तर माझं म्हणणं असं आहे.

एक. जी मर्यादा हाताने ओढून निघते तिला मर्यादा म्हणू नका. आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज जगतो. ब्राउझरमध्ये व्हॅलिडेशन टाकून सर्व्हरवर काहीच न तपासणाऱ्या पोराचा कोड आपण रिव्ह्यूमध्ये पास करतो का? मग टाइप अप्रूव्हलला आलेल्या नमुन्यात बाहेर काढलेली लिमिटची वायर पास का होते? मोटर खरोखर लहान असू दे, किंवा मर्यादा कंट्रोलरच्या आत, सहीशिवाय न बदलणाऱ्या फर्मवेअरमध्ये असू दे. तपासणाऱ्याने गाडी फक्त चालवून बघू नये, अर्धा तास ती मोकळी करायचा प्रयत्नही करून बघावा.

दोन. कलम ४ मधले मेलेले ५० सीसी काढा आणि तिथे वॅट आणि वेग लिहा. सोळा ते अठरासाठी एक खरा वर्ग करा: लहान मोटर, तपासलेला वेग, वेगळ्या रंगाची पाटी, आईबापांची लेखी संमती, परीक्षा, हेल्मेट, विमा.

तीन. पंचवीसच्या गाडीलाही पाटी आणि विमा द्या. मला माहीत आहे, "म्हणजे परत आरटीओ, परत एजंट!" असं तुम्ही ओरडणार. मलाही त्या रांगेचा राग आहे. पण रांग टाळण्याची किंमत आपण भरत नाही, दूध आणायला निघालेला माणूस भरतो.

चार. ज्याच्या दुकानातून मोकळी गाडी बाहेर पडली, त्याचं दुकान बंद. पोराच्या आधी, बापाच्या आधी.

मित्र म्हणतो, "यातलं काही होणार नाही रे, उगाच लिहितोस." होईल की नाही माहीत नाही. पण एक गोष्ट कायद्याशिवाय होऊ शकते, आणि ती आपल्या हातात आहे, म्हणून हे तुमच्यासाठीच लिहितोय. त्या गाडीची वायर दुकानदाराने दाखवली, पण काढली मी. मामांनी काढली नसती. त्यांना विजेची भीती वाटते, आणि गाडी बिघडेल असं त्यांना वाटत होतं. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, "काही होणार नाही ना रे?" आणि मी, चार वर्षं अभियांत्रिकी शिकलेला, दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधली धोक्याची जागा शोधून पगार घेणारा, म्हणालो होतो, "काही होत नाही, मामा." गणित तेव्हाही एवढंच सोपं होतं. ते मी बसमध्ये केलं, अंगणात केलं नाही.

आपण सुटीला गावी जातो तेव्हा घरचे वायफायपासून गिझरपर्यंत सगळं आपल्यापुढे आणून ठेवतात. आपण इंजिनिअर, आपल्याला सगळं कळतं. या वेळी कोणी चुलतभाऊ, मामेबहीण, भाचा सीट उचलून म्हणेल, "दादा, तेवढी वायर काढून दे की." काढू नका. वाईटपणा घ्या, लाडू मिळाला नाही तरी चालेल. आणि आधीच काढली असेल तर आजच फोन करा, परत लावायला सांगा.

आमची गाडी मामांच्या जिन्याखाली आहे, वर जुनी चादर. मी कनेक्टर परत बसवला, वर टेप गुंडाळला. पण पोरगी म्हणाली, "दादा, नको. मी चालत जाते." पहाटे पाचला मामा तिच्यासोबत अर्धा रस्ता चालत जातात, मग दुकान उघडतात.

असो. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकं लिहीन.